कंपनी पैसे द्यायला तयार, ग्रामपंचायत जागा द्यायला तयार. पण सांडपाण्याचा प्रकल्प पुढे चालवायचा कुणी?

नदीकाठची (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं विचारता येणार नाही.

मी करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या एका गावची. नऊशे उंबऱ्याचं गाव, लोकसंख्या ४,२००. चौदा वर्षांपूर्वी बचत गटातल्या आम्ही अकरा जणींनी मिळून एक लहान संस्था नोंदवली, तिची मी सचिव. गणपतीत निर्माल्य गोळा करून त्याचं खत करणं, शाळेत ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवणं, घाटाची सफाई, एवढं आमचं काम. मूर्तिदानाला सुरुवात केली तेव्हा घाटावर लोकांनी नको नको ते ऐकवलं होतं. आता तीच माणसं स्वतः मूर्ती आणून आमच्या हातात देतात. म्हणून लोक बदलत नाहीत असं मी कधी म्हणत नाही.

गावातल्या गटारी दोन ठिकाणी एकत्र येतात. एक मारुतीच्या देवळामागून ओढ्याला मिळते, दुसरी स्मशानभूमीच्या अंगानं थेट नदीत जाते. लहानपणी आईबरोबर धुणं घेऊन नदीवर गेलं की तहान लागल्यावर आम्ही ओंजळीनं तेच पाणी प्यायचो. आज माझ्या मुलीनं त्या पाण्यात पाय घातला तरी मी तिला घरी येऊन साबणानं पाय धुवायला लावते. नदी घाण होते त्याला शहराचे नाले, कारखाने अशी मोठी कारणं आहेत, मान्य आहे. पण आमच्या देवळामागच्या गटारीतलं पाणी आमचं आहे. त्याला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

आता मुद्दा. या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च) अधिकाऱ्यांचा फोन आला. सांडपाणी प्रक्रियेसाठी १८ लाख रुपये देतो, जागा ग्रामपंचायतीनं द्यावी, काम तुमच्या संस्थेनं बघावं. सरपंच तोंडी हो म्हणाले, ग्रामसेवकही हो म्हणाले. खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून पाणी शुद्ध करायची पद्धत त्यांच्या सल्लागारानं सुचवली आहे. अट एकच, ३१ मार्चच्या आत पैसे खर्च व्हायला पाहिजेत.

ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण हे एकदा झालेलं आहे. २०२२ च्या मार्चमध्ये दुसऱ्या एका कंपनीनं आम्हाला पालापाचोळा बारीक करायचं यंत्र आणि खताचे आठ हौद दिले. ग्रामपंचायतीनं शेड दिली. नारळ फुटला, फोटो निघाले, आम्ही सगळ्या नव्या साड्या नेसून गेलो होतो. आमच्या गटातल्या दोघीजणी तिथं कामाला लागल्या. यंत्राला थ्री फेज वीज लागते आणि तिचं बिल कुणी भरायचं हे कुठल्याच कागदावर नव्हतं. दोन महिने संस्थेनं भरलं. मग पातं झिजलं. कंपनी म्हणाली आमचं काम यंत्र देण्यापर्यंत होतं, ग्रामपंचायत म्हणाली आमच्याकडे तरतूद नाही. ऑक्टोबरमध्ये शेडला कुलूप लागलं. त्या दोघींपैकी एक अजून कधी गिरणीत भेटली की विचारते, "वहिनी, आपली मशीन कधी सुरू हुणार?" तिला काय सांगावं ते मला आजही समजत नाही.

आपल्या भागात बंधारा म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. दगडी खांब बारा महिने नदीत उभे असतात, पण पाणी अडतं ते बरगे, म्हणजे खांबांमधल्या फळ्या, घातल्यावर. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे. ते काम कुणाचं हे ठरलेलं असतं म्हणून बंधारा बंधारा राहतो. तर आमच्या प्रकल्पाचे बरगे दर वर्षी कोण घालणार, हे आधी ठरवायचं आहे मला. कंपनी, ग्रामपंचायत आणि आमची संस्था, तिघांत हे कसं लिहून घ्यायचं? आणि मार्चची घाई खरंच असते का, की नाही म्हणता येतं? ज्यांनी असं काम जवळून बघितलंय त्यांनी सांगावं.

ताळेबंद

ताई, मी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. आमच्या सीएसआरचे कागद माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून ठामपणे सांगू शकतो.

मार्चची घाई तुम्हाला वाटते तितकी कायद्यातली नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. पण २०२१ पासून नियमात स्पष्ट आहे, की काम अनेक वर्षं चालणारं असेल आणि संचालक मंडळानं ते तसं मंजूर केलं असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची. म्हणजे सुरुवातीचं वर्ष अधिक पुढची तीन वर्षं. घाई होते ती काम एकाच वर्षाचं म्हणून दाखवलं की. तुम्ही त्या अधिकाऱ्यांना एवढंच विचारा, "हे बहुवार्षिक काम म्हणून मंडळापुढं ठेवता येईल का?" त्यांना प्रश्न लगेच समजेल.

दुसरं. अनेक कंपन्यांत असा समज आहे, की प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून कामगारांचा पगार देता येत नाही. हे चूक आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. तुमच्या वाफ्यावर रोज जाळी साफ करणाऱ्या बाईचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, तो त्या ५ टक्क्यांत धरत नाहीत. कुणी असं कारण सांगितलं तर नियम दाखवायला सांगा.

तिसरं, मालकी. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर पाहिजे. माझा सल्ला, बांधकाम ग्रामपंचायतीच्या नावावर आणि चालवण्याची जबाबदारी ठरावीक मुदतीसाठी तुमच्याकडं. जमीन त्यांची असताना बांधकाम तुमच्या नावावर घेतलंत तर उद्या नवीन सरपंच आल्यावर वाद होईल.

आणि तुमची बाजूही तपासा. संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक आहे का? १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. सोबत आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ची नोंदणी लागते, आणि त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. निर्माल्याचं खत केलंय ना, त्याचे वर्षवार हिशेब, फोटो, रजिस्टर काढून ठेवा.

स्पष्ट बोलतो म्हणून राग मानू नका. आमच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या संस्था खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पाठवत नाहीत. मग पुढच्या वर्षी वरचे लोक म्हणतात, यंत्र द्या, पावती घ्या, संपवा. तुमच्या शेडला कुलूप लागलं त्यात हेही एक कारण असू शकतं.

जुना ओव्हरसियर

ताई, ताळेबंद यांनी पैशाचं नीट सांगितलं. मी जमिनीचं सांगतो. पाणीपुरवठा आणि स्वच्छतेच्या कामावर ३१ वर्षं काढली, आता घरी आहे.

सर्वात आधी जागा. स्मशानभूमीजवळची जागा देतो म्हणाले असतील, कारण तीच मोकळी असते. २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं. धोका पातळी ४३ फूट. तेव्हा पाणी कुठवर आलं त्याची खूण तुमच्या देवळाच्या भिंतीवर असेल, त्या खुणेपासून उताराची मापं घ्या. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आणि लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम धरू नका. लालच्या आत येणारच असेल, आणि नदीकाठच्या गावात बहुतेक येतंच, तर पूर ओसरल्यावर खडीतला गाळ काढून, खडी धुऊन परत भरायचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. हा खर्च कुणी धरत नाही. पहिल्याच पुरानंतर वाफा गाळानं गच्च होतो आणि मग लोक म्हणतात पद्धत खोटी होती.

पद्धत चांगली आहे. नागपूरच्या नीरी संस्थेनं ती फायटोरिड नावानं विकसित केली. आधी टाकीत गाळ बसतो, मग पाणी खडीच्या वाफ्यातून हळूहळू सरकतं, कर्दळीच्या मुळांवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू घाण खातात. उतार मिळाला तर विजेची गरज नाही, म्हणजे तुमच्या मागच्या यंत्राचं दुखणं इथं नाही. पण तोंडाशी जाळी रोज साफ करावी लागते, टाकीतला गाळ वर्षातून एक-दोनदा उपसावा लागतो, कर्दळ छाटावी लागते. जाळी चार दिवस बघितली नाही तर पाणी वरून वाहतं आणि सरळ ओढ्याला जातं. 

गोठे किती आहेत? हे मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून एका गावात माझा वाफा सहा महिन्यांत बंद पडला होता. गोठा धुतलेलं शेणमूत गटारीत आलं की खडीची भोकं बुजतात. त्याला वाफ्यावर उपाय नाही, गोठ्यातच उपाय. गोकुळ दूध संघानं राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाबरोबर सभासदांच्या गोठ्यावर पिशवीचे बायोगॅस बसवायची योजना राबवली आहे, गावच्या दूध संस्थेत चौकशी करा. शेण गॅसला गेलं की स्लरी शेताला आणि गटार मोकळी.

काही जण तुम्हाला घरोघरी शोषखड्डे घ्या म्हणतील. गावाच्या उंच अंगाला मुरूम असेल तिथं जरूर घ्या. नदीकडच्या काळ्या जमिनीत नको. पावसाळ्यात खालचं पाणीच वर येतं, खड्डा काय शोषणार?

सरकारी पैशाचं: स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० आणि घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निकष होता, आता काय आहे ते विचारून घ्या. त्या निकषानं तुमच्या ४,२०० वस्तीला सांडपाण्याचे ११,७६,००० रुपये होतात. त्यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे, असं होतं. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरायच्या) निधीत स्वच्छतेचा वाटा ठरलेलाच असतो. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात मात्र पाहिजे. आराखड्यात नाही त्याला पैसा नाही. गावानं आधी काही उचललंय का ते ग्रामसेवकांकडून लेखी घ्या.

नदीकाठची

दोघांचेही खूप आभार. रात्री दोनदा वाचलं आणि सकाळी वहीत उतरवून घेतलं.

गोठ्यांचं खरंच मी धरलं नव्हतं. काल गल्लीगल्लीतून फिरून मोजले. देवळाकडच्या गटारीला ४३ गोठे लागतात, स्मशानभूमीकडच्या फक्त ९. मग ठरवलं की पहिला वाफा नऊ गोठ्यांच्या बाजूला करायचा. पण पूररेषेचं बघितलं तर तीच बाजू खाली आहे. एका बाजूला शेण, दुसऱ्या बाजूला पूर. काका, यातलं कमी वाईट कुठलं?

अजून एक अडचण. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मी मिशनच्या पैशाचं बोलले तर ते थोडे नाराज दिसले. म्हणाले, सरकारचे पैसे येणार असतील तर आमचे कशाला, आणि लेखापरीक्षणात एकाच कामावर दोन निधी दिसले तर आम्ही अडकू. त्यांचं बरोबर आहे का?

जुना ओव्हरसियर

पूर कमी वाईट. तो दर वर्षी येईलच असं नाही, आला तरी चार-आठ दिवसांत जातो, आणि गाळ काढता येतो. शेण ३६५ दिवस येतं. फक्त निळ्या रेषेच्या बाहेर जागा मिळते का बघा, शंभर फूट वर सरकायला लागलं तरी चालेल.

दोन निधींचं त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण उपाय सोपा आहे. कामाचे तुकडे करा. गटारीची दुरुस्ती आणि वाफ्यापर्यंतची पाईप ग्रामपंचायतीच्या निधीतून, टाकी आणि वाफा कंपनीच्या. दोन अंदाजपत्रकं, दोन मोजमाप पुस्तिका. एक पाईप कुठं संपते आणि टाकी कुठं सुरू होते ते नकाशावर लाल शाईनं दाखवा. मग कुठलाच लेखापरीक्षक काही म्हणणार नाही.

शिरोळकर

मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी. वहिनी, तुम्ही काठावर जे सोडता ते खाली आमच्याकडं येतं, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतोय. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर उभं राहून जलपर्णी आणि वास एकदा अनुभवा. तुमच्या गावात वाफा झाला तर पहिला नारळ मी घेऊन येतो.

तुम्ही विचारलंत तिघांनी मिळून काम टिकवायचं कसं. आमच्याकडं टिकलेलं एक काम आहे, क्षारपडीचं. पाणी जास्त देऊन देऊन आमच्या जमिनी मिठानं पांढऱ्या पडल्या. माझी दोन एकर अशी होती की त्यात ज्वारीसुद्धा उगवत नव्हती. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून खारं पाणी बाहेर काढायचं हा उपाय सगळ्यांना माहीत होता. पण माझ्या रानातलं पाणी नाल्यापर्यंत न्यायचं तर मधल्या दहा जणांच्या रानातून पाईप जाते. एकट्यानं करायचं कामच नाही ते. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेतला, गावोगाव शेतकऱ्यांच्या संस्था झाल्या, बँकांनी कर्ज दिलं. आज त्या दोन एकरांत ऊस उभा आहे.

हे टिकलं का, तर माझ्या मते त्यात माझं स्वतःचं कर्ज होतं म्हणून. फुकट मिळालं असतं तर चेंबरमध्ये माती गेली तरी मी बघितलं नसतं. आता चेंबरचं झाकण हललं तरी मी आणि शेजारी दोघं पळतो. म्हणून माझं म्हणणं, गावाकडून थोडे का होईना पैसे घ्याच. महिन्याला घरामागं दहा रुपये घ्या, पण घ्या. ज्याचे दहा रुपये जातात तो जाळीकडं बघतो.

आणखी एक. पाणी आत जाताना कसं होतं आणि बाहेर येताना कसं आहे, हे तिसऱ्यानं तपासायला पाहिजे. कंपनीनंही नाही आणि तुम्हीही नाही. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र विभाग आहे, तिथं विचारून बघा. आकडा बाहेरून आला की गावाचाही विश्वास बसतो आणि कंपनीचाही.

नदीकाठची

दादा, तुमच्या पहिल्या ओळीनं गळा दाटला. खालच्या गावाचा विचार आम्ही किती कमी करतो.

दहा रुपयांचं मात्र मला जड जातंय. आमच्या गावात घरपट्टीच वेळेवर भरत नाहीत. आणि मी बायकांकडून पैसे मागायला गेले तर त्या म्हणणार, मागच्या मशीनचं काय केलंत? त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

शिरोळकर

मग आधी तेच ग्रामसभेत सांगा. मशीन का बंद पडलं, बिल किती आलं, कुणी भरलं, सगळं. लपवलेलं लोकांना आधीच माहीत असतं वहिनी.

वाळू आणि लोखंड

शिरोलीत माझी लहान फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, आहे. सीएसआरचा कायदा आमच्यासारख्यांना लागू होत नाही, तेवढा नफाच नाही. पण काम करायला कायदा कशाला पाहिजे? तोंडाशी बसवायच्या जाळ्या मी करून देतो. दोन संच, म्हणजे एक काढून धुवायला घेतली की दुसरी लगेच बसते. गटारीच्या पाण्यात साधं लोखंड वर्षात खाऊन जातं, म्हणून गॅल्व्हनाइज करून, म्हणजे जस्त चढवून, देईन. मापं पाठवा, उद्यमनगरातल्या माझ्या फॅब्रिकेटरकडं पत्र्याचं काम होतं.

एक सावधगिरी. वाफ्याच्या भरावाला कुणी फौंड्रीची वापरलेली काळी वाळू फुकट देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नका. माझ्याच धंद्याची वस्तू आहे म्हणून सांगतो. तिच्यात बेंटोनाइट मातीचं बारीक पीठ आणि कोळशाची भुकटी असते, रासायनिक बाइंडरची वाळू असेल तर रेझिनही असतं. पाणी शुद्ध करायच्या जागी ती जायला नको. नदीची धुतलेली खडीच वापरा, आणि आकार एकसारखा चाळून घ्या.

नदीकाठची

पाच आठवड्यांनी लिहितेय. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण तुमच्या सगळ्यांचं त्यात आहे.

पहिल्यांदा ग्रामसभा. शिरोळच्या दादांनी सांगितलं तसं मी उभी राहिले आणि मशीनची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. दोन महिन्यांची बिलं वाचून दाखवली. हात थरथरत होते. मागून एक आजोबा म्हणाले, "हे तवाच सांगायला पायजे हुतं." बाकी कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटांनी एका बाईनं विचारलं, नव्या कामाला महिन्याचा खर्च किती? तिथून सभा बदलली.

खर्च मी फळ्यावर लिहिला. दोघीजणी अर्धा दिवस, प्रत्येकी ५,००० म्हणजे वर्षाला १,२०,०००. गाळ दोनदा उपसायचे २०,०००. गमबूट, हातमोजे, खुरपी, छाटणी २०,०००. एकूण १,६०,०००. घरामागं पंधरा रुपये घेतले तर भागतं. पंधराला विरोध झाला. "नदी सगळ्यांची, मग पैसे आमचेच का?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला आणि मला तो खोटा वाटला नाही. शेवटी दहा रुपयांचा ठराव झाला, वर्षाचे १,०८,०००. राहिलेले ५२,००० ग्रामपंचायतीनं द्यायचे असं त्याच ठरावात लिहून घेतलं. ग्रामसेवक मासिक सभेत घेऊ म्हणत होते, पण मी ग्रामसभेचाच ठराव मागितला. मासिक सभेतला ठराव पुढची बॉडी सहज फिरवते.

मग कंपनी. "बहुवार्षिक" हा शब्द उच्चारल्यावर ते अधिकारी खरंच हसले आणि म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? मंडळानं तीन वर्षांसाठी मंजूर केलं आहे. १८ लाखांतले ११ बांधकामाला. ७ लाख राखून ठेवलेत, त्यात तीन वर्षांच्या चालवण्याचे ४,८०,०००, पुरानंतरच्या सफाईचे १,२०,००० आणि पाणी तपासणी व प्रशिक्षणाचे १,००,०००. गावाचे दहा रुपये पहिल्या महिन्यापासून गोळा व्हायचे आणि वेगळ्या खात्यात साठायचे, म्हणजे चौथ्या वर्षी हात रिकामे नसतील. हे सुचवलं ते कंपनीच्याच माणसानं. मी त्यांच्याविषयी आधी जरा कडू होते, ते चूक होतं.

त्रिपक्षीय करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर झाला. त्यात एक वाक्य मी हट्टानं घातलं, की तीन दिवसांपेक्षा जास्त जाळी साफ झाली नाही तर कुणाला फोन करायचा आणि त्यानं किती दिवसांत काय करायचं. वकील म्हणाले एवढं बारीक करारात लिहीत नाहीत. मी म्हटलं, आमचं मागचं काम एवढ्या बारीक गोष्टीवरच बुडालं.

सगळं जमलं असं नाही. नऊ गोठ्यांपैकी सात जणांनी बायोगॅसला नाव दिलंय, दोघा भावांचा वाटणीचा वाद आहे म्हणून ते थांबलेत, आणि त्यांचेच गोठे सगळ्यात मोठे. देवळाकडच्या गटारीचा या खेपेला विषयच नाही, ते पाणी अजून ओढ्याला जातंय. दूध संस्थेच्या चेअरमनशी बोलणं चालू आहे.

मशीनवर काम केलेल्या दोघींनाच या वाफ्यावर घेतलंय. एकीनं परवा जागेवर येऊन पायानं माती उकरून बघितली आणि म्हणाली, "हितं कर्दळ चांगली लागंल वहिनी, जमीन ओली हाय." फौंड्रीवाले दादा, जाळ्यांची मापं तुम्हाला पाठवली आहेत.

खडी पुढच्या आठवड्यात येतेय. कर्दळीचे सहाशे कंद लागणार आहेत आणि रोपवाटिकेतला भाव परवडणारा नाही. कोल्हापूर, कसबा बावडा, वडणगे या बाजूला कुणाच्या परसात कर्दळ दाटली असेल तर सांगा. लाल किंवा पिवळी, कुठलीही चालेल. आमच्या बायका टेंपो घेऊन येतील, कंद स्वतः काढतील आणि तुमची जागा नीट करून देतील.